सरावाची काडतुसं

“नखाला लागतंय का?” वेंडेलनं तळघराच्या जिन्यावरूनच विचारलं.

“लागतंय,” डोरीन म्हणाली.

“मग टाक तुझ्यात.”

डोरीननं काडतूस लाल झाकणाच्या डब्यात टाकलं आणि पुढचं उचललं. वेंडेल वर मॅच बघायला निघून गेला. त्या घरातली कामाची वाटणी अशीच होती. काडतुसं भरण्याच्या यंत्राचा दांडा वेंडेल ओढायचा, कारण त्यात आवाज होता आणि शेजारी डोकावले तर दाखवण्यासारखं काहीतरी होतं. भरलेलं प्रत्येक काडतूस मोजायचं, हे किचकट काम डोरीनचं. खणात काडतुसांचं माप तपासायचे, मधोमध भोक असलेले सहा-सात गेज होते, सगळे पोलादी, सगळे जुळे. वेंडेलला चष्मा लावून वर कोरलेला आकडा वाचावा लागे. डोरीन भोकात करंगळीचं टोक घालून बघायची आणि त्यांच्या पिस्तुलांचा नऊ मिलिमीटरचा बरोबर काढायची.

आधी कॅलिपरनं लांबी बघायची, मग काडतूस गेजच्या भोकात सोडायचं. ते स्वतःच्या वजनानं टक्कन बसलं पाहिजे आणि त्याचं बूड काठाशी सपाट आलं पाहिजे. वरून अंगठ्याचं नख फिरवायचं. नख सरकलं तर काडतूस पास, वेंडेलच्या हिरव्या डब्यात. नख अडलं तर ते फुगलेलं, पिस्तुलात अडकण्याची शक्यता. ते सरावाचं, लाल डब्यात.

लाल डबा डोरीनचा. सरावाला तोच आणि स्पर्धेलाही तोच. “तुला काय, हौस म्हणून मारायच्या गोळ्या,” असं वेंडेल लग्नानंतर कधीतरी म्हणाला होता आणि मग तो नियमच होऊन बसला. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बाईला उरलेलं खायची सवय असते. तिनंही कधी तोंड उघडलं नाही. तिनं उघडायला हवं होतं, पण ते आत्ता आपण म्हणतोय.

यंदा मात्र पिस्तूल नेमबाजीच्या राज्यस्पर्धेत महिलांमध्ये जी पहिली येईल, तिला राष्ट्रीय स्पर्धेची जागा मिळणार होती. डोरीनला ती हवी होती. इतकी हवी होती, की तिनं स्वतःच्याच घरात चोरी केली. हिरव्या डब्यात जाणाऱ्या काडतुसांतली मूठभर मूठभर बाजूला काढून तिनं एका साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जमवली. हे तिनं फक्त गेलला सांगितलं. गेल म्हणजे पोस्टातली, तिची मैत्रीण आणि महिलांमध्ये तिची एकुलती एक खरी प्रतिस्पर्धी.

“चोरी कसली गं? मोजतेस तूच,” गेल म्हणाली. “आणि जिंकलीस तर मी रडणार आहे, आधीच सांगून ठेवते.”

स्पर्धेच्या दिवशी माळावर नेहमीसारखा वारा सुटला होता. टोप्या सांभाळत लोक एका फेरीच्या जागेवरून दुसऱ्या फेरीच्या जागेवर जात होते. डोरीनचं पिस्तूल सकाळभर एकदाही अडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत फलकावर तिचं नाव गेलच्या वर होतं, चांगलं ठळक अंतर राखून. चर्चच्या बायकांच्या टेबलावरून तिनं पावात भरलेलं खिम्याचं सँडविच घेतलं. पण अर्धं तसंच कागदात गुंडाळून ठेवलं. आनंदानं पोट भरतं म्हणतात, त्यातलाच प्रकार.

परत येऊन तिनं शेवटच्या फेरीसाठी पिस्तुलाची मॅगझिन भरायला पिशवी उघडली. खोका रिकामा होता. शेजारी लाल झाकणाचा डबा होता.

“वेंडेल, माझी काडतुसं?”

“हां, ती घेतली मी,” तो खुर्चीत रेलून म्हणाला. “माझी संपली ना. सकाळी त्या नव्या लोकांना जरा मारून दाखवत बसलो. काय फरक पडतो? तुझा डबा ठेवलाय की.”

“त्यातली सगळी बाद आहेत.”

“बाद काय, जरा घट्ट असतील. एवढी वर्षं मारतेसच ना?”

“उरली असतील ती दे.”

“मॅगझिनमध्ये भरून पट्ट्याला लावलीत, आता कुठे उपसत बसू! आता माझा नंबर आहे डोरी, डोक्याला कटकट नको.”

तो गेला. डोरीन गाडीच्या मागच्या फळीवर बसली आणि तिनं गेज काढला. ज्या काडतुसांना तिनं स्वतःच्या हातानं नापास केलं होतं, त्यांतूनच आता पास करायची होती. ती एकेक टाकत गेली. नख अडत होतंच. कुठे कमी, कुठे जास्त, एवढाच प्रश्न. ज्यावर जेमतेम अडलं ती तिनं बाजूला ठेवली. फेरीपुरती भरली तेव्हा त्यातली शेवटची काही तर चांगलीच अडणारी होती. ती तिनं मॅगझिनच्या तळाशी घातली, म्हणजे ती अगदी शेवटी सुटतील.

बजर वाजला. पहिल्या कोपऱ्यातली पाटी पडली, दुसरी पडली, डोरीन पडद्यामागून धावली, खिडकीतून तिन्ही कागदी लक्ष्यं टिपली. गेल मागे ओरडत होती, “चल, चल, डोरीन!” शेवटच्या चार लोखंडी पाट्या उरल्या आणि पिस्तूल गप्प झालं. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग अर्ध्यावर अडकला होता. तिनं तो मागे ओढला, हलला नाही. तळव्यानं हाणलं, पुन्हा ओढला. तळव्याचं कातडं सोललं. काडतूस निघेना. घड्याळ चालू होतं आणि सगळे बघत होते. शेवटी तिनं हात वर केला आणि फेरी सोडली.

पंचानं पिस्तूल मोकळं करून दिलं. वेंडेल धावत आला, ते काडतूस त्यानं हातात घेतलं, तिच्याच खिशातला गेज काढला आणि सगळ्यांसमोर त्यात घातलं.

“हे बघा, नख अडतंय,” तो जमलेल्यांना म्हणाला. “म्हणून सांगत असतो, एकन् एक मोजून बघा. मोजायचं ना गं जरा!”

“मोजलं होतं,” डोरीन म्हणाली. “मीच बाद केलं होतं. चांगली होती ती तू घेतलीस.”

वेंडेल हसला. “अगं, मग महत्त्वाची आहेत म्हणून सांगायचं नाही का?”

बाकीचेही हसले. नवराबायकोचं भांडण म्हटलं की लोकांना हसायला बरं वाटतं. एकटी गेल हसली नाही. तिनं खाली बघितलं, कारण जागा आता तिची होती.

संध्याकाळी बक्षिसं झाली. वेंडेलला ज्येष्ठांमध्ये तिसरा क्रमांक मिळाला. भाषण करायला सांगितल्यावर तो म्हणाला, “पिस्तूल दिवसभर एकदाही अडलं नाही, त्याचं श्रेय काडतुसांच्या चोख मापाला. माप मी कधी सोडलं नाही.” टाळ्या पडल्या. गेलनं आपली बक्षिसाची लाकडी पाटी छातीशी धरली होती आणि ती खरंच रडत होती.

नेमबाजी क्लबचा कर्टिस सगळ्या विजेत्यांना ओळीत उभं करत होता. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि फोन डोरीनकडे दिला.

“तू काढतेस का? तुझे हात मोकळे आहेत.”

डोरीननं फोन घेतला. सोललेल्या तळव्याला तो झोंबला.

“एक पाऊल मागे जा गं,” वेंडेल म्हणाला. “सगळे मावत नसतील.”

डोरीन एक पाऊल मागे गेली. मग आणखी एक. सगळे मावले, तसा तिनं फोटो काढला.