हो म्हणणाऱ्याचं ध्येय

शाळा तपासनीस निवृत्त झाला की त्याने झाडांना पाणी घालावं. सरांनी ते सोडून माणसांना ध्येयं घालायला घेतली. समुपदेशन केंद्रात त्यांच्या दारावर 'जीवन-मार्गदर्शक' अशी पाटी लागली, पण खोड तपासनिसाचीच राहिली. पहिल्या पाच मिनिटांत फॉर्मवर ध्येय लिहायचं आणि सहा महिन्यांनी 'गाठले' किंवा 'गाठले नाही' यावर खूण करायची.

नऊ जणांनी गाठलं होतं. दहाव्याने गाठलं की केंद्राचं प्रमुखपद आणि खिडकीवालं मोठं दालन सरांचंच होतं. हा दहावा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला. ध्येय: सुपरवायझर होणे. मुलाखत कालच झाली होती.

लिफ्टवाला हसतच आला.

"झालात?"

"नाही म्हणालो, सर."

"म्हणजे त्यांनी नाही म्हटलं."

"छे हो, मी! ते तर जागा देतच होते."

सरांनी खुणेसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं. "अहो, मग सहा महिने आपण इथे माश्या मारत होतो?"

"तेच तर सांगतोय. थोरला म्हणाला लिफ्टच्या कामाला लाग, लागलो. सासरे म्हणाले लग्न उरका, उरकलं. मेहुणा म्हणाला सुपरवायझर हो, इथे आलो. तुम्ही विचारलंत, 'हेच ध्येय ना?' म्हटलं, हो. मला दुसरं यायचंच नाही काही! पण तुम्ही दर बुधवारी विचारायचात, 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' घाम फुटायचा हो. काल पाच साहेबांसमोर सांगून टाकलं, मला खुर्ची नको. मोटर कुठे कुरकुरतेय ते कान लावून शोधायला आवडतं मला."

हो म्हणणं हाच ज्याचा आजार, त्याचं पहिलंच 'हो' सरांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं.

"दोनच महिने व्हा सुपरवायझर," सर हळूच म्हणाले. "माझ्यासाठी."

"नाही, सर."

इतकं नम्र आणि खणखणीत 'नाही' सरांनी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. त्यांना संताप आला, आणि पैकीच्या पैकी गुण द्यावेसेही वाटले.

तेवढ्यात केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या संचालिकाबाईंचा फोन आला. सरांनी सगळं सांगितलं.

"जागा देत होते ना? मग करा की 'गाठले'वर खूण! कोण बघायला येतंय?"

सरांना ती खिडकी दिसली. तिच्यातून येणारं वारंही लागलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "गाठलं नाही. माणूस मात्र पुष्कळ लांब जाऊन आलाय. त्याला फॉर्मवर रकाना नाही."

"मग दालन दुसऱ्यांना," म्हणत बाईंनी फोन ठेवला.

सरांनी कपाळ पुसलं. "असं बोलून झाल्यावर पुढे काय करायचं असतं हो?"

"मी काल लिफ्टखालच्या खड्ड्यात जाऊन बसलो. बरं वाटलं."

"इथे कुठला खड्डा?"

"समोरच्या दवाखान्यात आहे. तिथेच निघालोय. येता?"

"हो!"

लिफ्टवाल्याने मान तिरकी केली. "तुम्हाला स्वतःला वाटतंय, की मी म्हणतोय म्हणून?"

सर चक्क मिनिटभर विचार करत उभे राहिले.

"वाटतंय," ते म्हणाले, "पण शिडी तुम्ही धरायची."