उणे अठरा अंशांवर धुतलेल्या चादरी

मावशीच्या लॉन्ड्रीत तोंड हे फक्त चहा पिण्यासाठी होतं. बोलायचं काम हातांचं. मशिनं सुरू झाली की त्या लांबलचक हॉलमध्ये कुणी कानाशी येऊन कितीही ओरडलं तरी समोरच्याला फक्त त्याचे दात किती किडलेत तेवढंच कळायचं. म्हणून तिथल्या बायकांनी हातवाऱ्यांची स्वतःची एक भाषाच बनवून टाकली होती. पंजा हवेत गोल फिरवला की ड्रायर रिकामा झाला. मूठ तळहातावर आपटली की साबण संपला. हॉलच्या मधोमध चादरींनी डोक्याच्या वरपर्यंत भरलेल्या ट्रॉल्या उभ्या असायच्या, त्यामुळे या टोकाचं माणूस त्या टोकाला दिसायचं नाही. मग निरोप जी दिसेल तिच्या हवाली करायचा, तिनं तो पुढचीच्या. मिळाला की पोच म्हणून स्वतःच्या डोक्यावर टपली मारायची. टपली दिसली नाही तर निरोप पुन्हा. टपली दिसेपर्यंत सुटका नाही.

आणि प्रत्येकीची आपली आपली खूण होती. एकदा एका नव्या ड्रायव्हरनं दारात उभं राहून गंमत म्हणून ‘सुट्टी झाली’ असा हात केला होता आणि हा हा म्हणता सगळी मशिनं बंद पडली होती. त्या दिवशी मावशीनं त्याला जे सुनावलं ते मात्र तोंडानं, आणि मशिनं बंद असल्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू आलं. तेव्हापासून नियम झाला, आधी आपली खूण, मग निरोप. मावशीची खूण कानाची पाळी ओढायची. इस्त्रीवाल्या काकूंची नाक खाजवायची. त्यामुळे काकूंना खरोखरच नाक खाजवायची चोरी झाली होती. खाजवलं की पाच जणी माना वर करून निरोपाची वाट बघत उभ्या.

टिमकीला सगळ्या खुणा येत होत्या. तिची स्वतःची मात्र नव्हती, कारण ती कामावर नव्हती. शाळा सुटली की येऊन घड्या घालायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करत बसणारी मावशीची भाची, एवढाच तिचा हुद्दा. टिमकी हे नाव ती घरात अखंड वाजते म्हणून पडलं होतं. बाहेरच्या चार माणसांपुढे मात्र तिचं वाजणं एकदम बंद. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात स्वतः बनवलेल्या यंत्रापुढे ती अशी उभी राहिली होती की परीक्षकांना वाटलं, यंत्र दुसऱ्या कुणाचं असावं आणि ही नुसती राखण करतेय.

तर लॉन्ड्रीवर आलेलं संकट असं होतं. तिथलं अर्ध्याहून जास्त काम म्हणजे मोठ्या दवाखान्याच्या चादरी. दवाखान्याचा नवा नियम आला की चादरी पुरेशा गरम पाण्यात पुरेसा वेळ धुतल्या याचा पुरावा हवा, आणि पुरावा कुणी हातानं लिहिलेला नको. म्हणून मावशीनं प्रत्येक मशिनला सेन्सर बसवून घेतले. काडेपेटीएवढी डबी, तिची काडी आत पाण्यात, ड्रायर असेल तर गरम हवेत. डबी दर मिनिटाला ऑफिसातल्या मुख्य डबीला बिनतारी तापमान कळवणार, आणि तिथल्या पडद्यावर एक रेघ चढत जाणार. रेघ अखंड तर धुलाई खरी. मध्ये तुटली तर तो अख्खा घाणा, म्हणजे त्या खेपेच्या सगळ्या चादरी, न धुतलेला धरायचा.

आणि रेघ तुटत होती. रोज. पाणी चांगलं उकळायला आलेलं असायचं, काकूंचे हात वाफेनं लाल झालेले असायचे, पण पडद्यावर नुसत्या तुटक तुटक काड्या. दवाखान्याच्या तपासनीस बाई एकदा बघून गेल्या, दुसऱ्यांदा बघून गेल्या. जाताना म्हणाल्या की गुरुवारी शेवटचं बघेन, तेव्हाही असंच असेल तर चादरी शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यात जातील. तसं झालं असतं तर निम्म्या बायकांना घरी बसवण्यावाचून मावशीकडे इलाज नव्हता, आणि ते न सांगताच सगळ्यांना कळलं होतं. सेन्सर विकणाऱ्यानं फोनवर सल्ला दिला, मोठा अँटेना घ्या. बॉयलरमामांचं मत पडलं की वरच्या खोलीत काहीतरी वावरतंय, लिंबू तरी टांगा.

टिमकी मात्र बघत होती. टेबलाच्या कोपऱ्यावरून पडदाही दिसायचा आणि हॉलही दिसायचा, आणि दोन्हीकडे आलटून पालटून बघणारं तिथं दुसरं कुणीच नव्हतं. तिच्या लक्षात आलं की ओल्या चादरींच्या ट्रॉल्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या की रेघ तुटते आणि ट्रॉल्या ड्रायरमध्ये रिकाम्या झाल्या की जुळते. तिनं कपाटातला एक जादा सेन्सर घेतला आणि कोरड्या चादरींच्या ट्रॉलीमागे ठेवला. रेघ शाबूत. ओल्या चादरींच्या ट्रॉलीमागे ठेवला. रेघ गायब. पुन्हा करून पाहिलं, काकूंना करायला लावून पाहिलं.

“पाणी पितंय, मावशी,” ती ऑफिसात येऊन धापा टाकत म्हणाली. “सिग्नल. ओल्या चादरी सिग्नल पिऊन टाकतात.”

मावशीनं चष्म्यावरून बघितलं. म्हणाली की चादरी कोरड्या ठेवून कशा धुवायच्या तेवढं सांग, लगेच करते.

टिमकी उत्तर द्यायला वळली आणि काचेतून तिला काकू दिसल्या. काकू नाक खाजवून पंजा फिरवत होत्या. ट्रॉल्यांमुळे पलीकडच्या धुलाईवालीला त्या दिसत नव्हत्या, पण मधल्या घडीवालीला दिसल्या. तिनं टपली मारली, निरोप पुढे दिला, पलीकडून टपली आली. ट्रॉल्या जागच्या जागी, निरोप मात्र पोचला. टिमकी तशीच उभी राहिली. हे तर रोज बघत होती ती, आणि रोज बघूनही दिसलं नव्हतं. प्रत्येक डबी थेट ऑफिसलाच ओरडून सांगायला जात होती. शेजारणीला सांगायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

शिकवता येत होतं. सेन्सरबरोबर आलेली माहितीपुस्तिका कुणी पहिल्या पानापुढे उघडलेलीच नव्हती. टिमकीनं ती इस्त्रीच्या स्टुलावर बसून चाटून पुसून वाचली. त्यात दोन गोष्टी बंद ठेवून दिलेल्या सापडल्या. एक म्हणजे एकीचा निरोप दुसरीनं पुढे नेणं, आणि दुसरी म्हणजे पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगणं. धुलाईच्या डब्या बॅटरीवरच्या, त्या मधल्या वेळात झोपणाऱ्या. झोपलेल्याच्या हाती निरोप कोण देईल? पण ड्रायरच्या डब्या विजेवर चालणाऱ्या, सदा जाग्या. निरोप्याचं काम टिमकीनं त्यांना दिलं. सेटिंग बदललं आणि सगळ्याजणी पडद्यापुढे गोळा झाल्या. ओल्या चादरींचा डोंगर मध्ये उभा, आणि रेघ चालली सरळ, अखंड. काकूंनी टिमकीच्या पाठीत असा धपाटा घातला की माहितीपुस्तिका उडून बॉयलरमामांच्या पायावर पडली.

आनंद दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला. दुपारी चार नंबरच्या ड्रमची रेघ धाडकन खाली आली आणि पडद्याच्या तळाशी जाऊन बसली. उणे अठरा अंश. मशिनमधून वाफा निघताहेत आणि हिशेबानं आतल्या चादरी बर्फात गाडलेल्या. सगळ्या हसायला लागल्या असतानाच शेजारच्या दुकानातले आइस्क्रीमवाले काका धावत आत आले. हातात फोन, कपाळावर घाम.

“माझा फ्रीझर पंचाहत्तर अंशांवर गेलाय,” ते ओरडले. हा घोळ बघायला सगळ्यांनी मशिनं थांबवली होती म्हणून ते ऐकू तरी आलं.

सगळं वितळायच्या आत निदान कुणाच्या पोटात तरी जावं म्हणून त्यांनी अर्धा माल रस्त्यावरच्या पोरांना वाटूनही टाकला होता. नंतर हात लावून बघितला तर फ्रीझर थंडगार. त्यांचा सेन्सर लॉन्ड्रीतल्यासारखाच, त्याच कंपनीचा, आणि त्याचाही नंबर चार. आतापर्यंत तो बिचारा भिंतीपलीकडे एकटाच होता. आता भिंतीला लागून असलेला ड्रायर सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे न्यायला लागला, तसा त्यानं शेजारधर्म पाळला. काकूंना दुःख एवढंच, की आइस्क्रीम वाटताना भिंतीपलीकडून कुणी हाक का मारली नाही.

मावशी मात्र हसता हसता पडद्याकडे वळली. तिनं खुर्ची ओढली, बसली.

“टिमके, यांचा फ्रीझर माझ्या हिशेबात शिरू शकतो, तर मग कुणीही काहीही घुसवू शकतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “बाई हेच विचारणार. आणि मी म्हणणार काय, आमच्यावर विश्वास ठेवा?”

टिमकीला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण दार उघडलं होतं तिनंच. निरोप पुढे नेणं चालू केलं आणि निरोप कुणाचा ते विचारणं राहून गेलं. तिनं पुन्हा पुस्तिका धरली. घोळ समजायला वेळ लागला नाही. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक डबीला एकच गुप्त किल्ली दिलेली होती. ती बदला असं शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात छापलेलं होतं. म्हणजे सगळ्यांची खूण एकच. उद्या तो ड्रायव्हर दारात उभा राहून कान ओढायला लागला तर मावशी कोण आणि तो कोण?

मग काम निघालं. मुख्य डबीला लॉन्ड्रीची स्वतःची किल्ली दिली. मग एकेक डबी मशिनवरून काढून ऑफिसात आणायची, मुख्य डबीचं बटण दाबायचं, डबीचं दाबायचं, तिची वेगळी किल्ली तयार होऊ द्यायची आणि पुन्हा जाग्यावर. काकू ट्रेमध्ये डब्या घालून आणत आणि प्रत्येकीची ओळख करून देत: ही तीन नंबरची, स्वभावानं गरम; ही सहाची, सारखी गळते. आता ज्याची ओळख झालेली नाही त्याचा निरोप कुणी ऐकणार नव्हतं, आणि पुढेही नेणार नव्हतं. आइस्क्रीमवाल्या काकांची किल्लीही टिमकीनं जाऊन बदलून दिली. येताना मोकळ्या हातानं आली नाही, त्यामुळे काकूंचं दुःखही हलकं झालं.

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. मावशीनं त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाली की यातलं सगळं माझी भाची सांगेल. टिमकीला प्रदर्शनातलं सगळं आठवलं, ते यंत्र, ते परीक्षक. पण बाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि हुकूम सोडला, सगळ्या ओल्या ट्रॉल्या मधोमध आणा.

आणल्या. रेघ चालत राहिली. बाई स्वतः हॉलमध्ये गेल्या आणि त्यांनी एका ड्रायरच्या डबीचा प्लग उपटला. धुलाईच्या डबीनं निरोप दिला, टपली आली नाही, पुन्हा दिला, तरी आली नाही, मग तिनं पलीकडच्या ड्रायरला गाठलं. बाई परत आल्या तेव्हा रेघ जशीच्या तशी.

बाईंनी पर्समधून एक डबी काढली. अगदी तशीच, काडेपेटीएवढी. ही त्यांनी दुसऱ्या एका लॉन्ड्रीत पकडली होती म्हणे. तिथे ड्रममध्ये थंड पाणी आणि डबीची काडी चहाच्या किटलीत. इथल्याही किटलीत त्यांनी ती काडी बुडवली आणि पडद्याकडे बोट केलं. पडद्याच्या कडेला एक ओळ उमटली: अनोळखी, प्रवेश नाही. रेघांमधली एकही हलली नाही.

“का घेत नाही?” बाईंनी आता पहिल्यांदा टिमकीकडे बघितलं.

टिमकीला वाटलं जीभ टाळूला चिकटणार. ती चिकटली नाही.

“तिची आमच्याशी ओळख झालेली नाही, बाई,” ती म्हणाली. “इथे आधी खूण दाखवावी लागते.”

“आणि मी ओळख करून घेतली तर?”

“ओळखीचं बटण मुख्य डबीवर आहे, ती त्या कपाटात बंद, चावी मावशीकडे. आणि कुणाची ओळख कधी झाली ते या पडद्यावर राहतं, ते मलासुद्धा पुसता येत नाही. मी पुसून बघितलं.”

आणि मग टिमकी जी वाजायला लागली ती थांबेचना. ओल्या चादरी सिग्नल कशा पितात, जागे कोण, झोपलेले कोण, पोच म्हणजे काय, उणे अठरा अंशांचा सगळा किस्सा, हातवाऱ्यांसकट. फजितीसुद्धा लपवली नाही, उलट ती सांगताना तिला जास्तच मजा आली. ड्रायव्हरची गोष्ट आली तेव्हा बाईंचा ओठ एका बाजूनं हलला. शेवटी त्यांनी हात वर केला, म्हणाल्या की समजलं, आता तू बाहेर जा, मला मालकिणीशी बोलायचंय.

टिमकी हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, धुलाईच्या मशिनांपाशी जाऊन उभी राहिली. बाईंनीच मधोमध आणवलेल्या ट्रॉल्या अजून तिथेच होत्या, त्यामुळे ऑफिस दिसत नव्हतं. काहीच दिसत नव्हतं. कानात नुसता मशिनांचा धडधडाट. बॉयलरमामा शेजारी येऊन उभे राहिले, पण आज त्यांनीही लिंबाचा विषय काढला नाही.

तेवढ्यात घडीवालीनं मान वळवली. तिला काकू दिसत होत्या, काकूंना ऑफिस. घडीवालीनं कानाची पाळी ओढली, म्हणजे निरोप मावशीचा. मग तिनं डावा तळहात पुढे धरला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यावर टिमकी वाजवली. ही खूण टिमकीनं कधी पाहिली नव्हती. हॉलमध्ये कुणाचीच नव्हती ती. घडीवालीनं तिच्याकडे बोट रोखलं आणि पुन्हा वाजवली.

मग पुढचा निरोप. दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबले: काम आपल्याकडेच राहिलं.

टिमकी नुसती बघतच राहिली. पोच द्यायचं तिला सुचलंच नाही. त्यामुळे निरोप पुन्हा आला. ऑफिसातून मावशी, तिच्याकडून काकू, काकूंकडून घडीवाली, कान, दोन बोटं तळहातावर, दोन तळहात एकमेकांवर. ट्रॉल्यांच्या अलीकडे पलीकडे सगळ्या बायका एकाच निरोपाला लागल्या होत्या आणि टपली मिळेपर्यंत थांबणार नव्हत्या.

तिनं डोक्यावर टपली मारली. मग आणखी एक, जरा जोरात. मग डावा तळहात पुढे धरला, त्यावर दोन बोटांनी आपली खूण वाजवली, आणि आयुष्यातला पहिला स्वतःचा निरोप हॉलमध्ये सोडला: पुढचा घाणा टाकते.