कडू पाण्याची बाटली

माझं तोंड अरुंद आहे, पण आज थोडं बोलते. मी काचेची बाटली. भट्टीतून निघाले आणि लगेच माझ्यात रम भरली. नदीकाठच्या मोम्पोस गावातल्या एका लग्नात पाहुण्यांनी मला रिकामं केलं आणि आवराआवर करताना उबाल्दिनाने उचलून पिशवीत टाकलं. जाड काच दिसली की या बाईला ती टाकवत नाही. तिने मला गरम पाण्याने खंगाळलं, राखेने घासलं, आणि रमचा वास गेला तेव्हाच सोडलं.

तिचा नवरा निकानोर चांदीच्या तारेचं नक्षीकाम करतो. केसाएवढी तार वळवून मासे, फुलं, झुमके घडवतो. नदीकाठचा उकाडा, त्यात समोर ज्योत. माणूस घामाने निथळायचा. जेवायला मात्र पांढरा भात आणि तळलेला युका नावाचा कंद, बाकी कशाला हात लावायचा नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती ती वेगळीच. पुढे त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. डावी पापणीही सारखी फडफडायची.

एकदा झुमके घ्यायला आलेली बाई तडकून म्हणाली, "वय झालं तरी डोळा मारायची सवय गेली नाही वाटतं!"

"अहो, मी नाही मारत," निकानोर कळवळून म्हणाला. "तो आपला आपणच मारतो."

उबाल्दिना आतून हसली, पण त्याच दिवशी औषधाच्या दुकानातून मॅग्नेशियमच्या मिठाचं पुडकं घेऊन आली. पाणी उकळून गार केलं, पांढरे खडे त्यात विरघळवले आणि मला गळ्यापर्यंत भरलं. फ्रिजच्या दारात मला कायमची जागा मिळाली.

रोज सकाळी निकानोर एक छोटा पेला घ्यायचा. तोंड असं करायचा जणू कुणी शिव्या घातल्यात. "अगं, हे औषध आहे की शिक्षा?"

"दोन्ही. पी."

थोड्या दिवसांत पोटऱ्या सैल पडल्या, पापणी थांबली. पोटही सैल झालं, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

इथून पुढे उबाल्दिना गल्लीची डॉक्टरीण झाली. संध्याकाळी सगळे दारात झुलत्या खुर्च्या टाकून बसले की मला बाहेर आणलं जाई. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला झोप नाही, कुणाची सून उलट बोलते. सगळ्यांवर माझाच पेला. मी मध्येच संपले की ती पुन्हा भरायची. कौतुक कुणाला नको असतं? मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

अंगणापलीकडच्या घरात तिची थोरली बहीण देल्फिना राहायची. नवरा गेलेला, मूल नाही, मधुमेह जुना. तिचं पोट साफ होत नव्हतं. उबाल्दिनाने पेला दिला आणि गुण आला. मग देल्फिना स्वतःच फ्रिज उघडून मला घेऊ लागली. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन.

पुढच्या आठवड्यांत ती मंदावली. खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. बोलताना शब्द जड यायचे, हातातला चमचा गळून पडायचा.

"उकाडा आहे," उबाल्दिना म्हणाली. "अशक्तपणा आहे. अजून एक पेला घे."

एका दुपारी देल्फिना खुर्चीतून उठेचना. हाक मारली तर डोळे किलकिले करायची आणि पुन्हा मिटायची. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला नदीपलीकडच्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. मी उबाल्दिनाच्या पिशवीत होते. शुद्धीवर आली की लगेच द्यायला हवं, म्हणून तिने मला बरोबर घेतलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, यानेरिस नावाच्या. त्यांनी देल्फिनाच्या गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टकटक केलं. पाय उडायला हवा होता. तो हललाच नाही. दुसरा पाय, तेच. नाडी संथ, रक्तदाब अगदी खाली. रक्त तपासायला घेऊन त्या बाहेर गेल्या.

तेवढ्यात देल्फिनाने डोळे उघडले. उबाल्दिनाने लगबगीने माझं बूच काढलं, पेला भरला आणि बहिणीच्या ओठांशी नेला.

"थांबा!" यानेरिसबाई दारातूनच ओरडल्या. "काय पाजताय?"

"मॅग्नेशियम, डॉक्टरीणबाई. साधंच आहे. आमची अख्खी गल्ली पिते."

त्यांनी पेला काढून घेतला. "केव्हापासून? रोज किती?"

उबाल्दिनाने सांगितलं. सांगता सांगताच तिला उमगत गेलं. तिने माझं बूच लावून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे वाईट नाही. स्नायू सैल पडायला, नसा शांत राहायला, हृदय ठेक्यात चालायला ते लागतंच. जास्त झालं तर धडधाकट किडनी ते लघवीतून टाकून देते. यांच्या किडन्या थकल्यात, त्यांना ते टाकता येत नाही. साठत गेलं, आणि आता सगळंच सैल पडतंय. श्वाससुद्धा."

"औषधवाल्याने विचारलं होतं," उबाल्दिना पुटपुटली. "किडनीचा त्रास कुणाला आहे का म्हणून. मी निकानोरपुरतं उत्तर दिलं."

देल्फिनाला शिरेतून कॅल्शियम दिलं, यंत्रावर घालून रक्त धुतलं. उबाल्दिना बाकावर बसून होती. मी तिच्या मांडीवर. तिने मला हातही लावला नाही आणि खालीही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी देल्फिना बोलली. पहिलं वाक्य, "भूक लागलीय." दवाखान्यातली सगळी माणसं हसली, उबाल्दिना रडली.

घरी आल्यावर उबाल्दिनाने मला मोरीत रिकामं केलं आणि दगडावर आपटायला उचललं.

"तिला का फोडतेस?" देल्फिना खुर्चीतून म्हणाली. "तिने पाजलं का मला?"

"नाही. मी पाजलं."

"आणि एकाचे तीन मी केले. किडन्या कमजोर आहेत हे डॉक्टरने मागेच सांगितलं होतं. पथ्य नको म्हणून मी तुला बोलले नाही. ठेव ती खाली."

निकानोरलाही यानेरिसबाईंनी तपासलं. त्याची गोळी लघवीतून मॅग्नेशियम वाहून नेत होती, ती बदलली आणि ताटात घेवडा, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, पालेभाज्या आल्या. तो कुरकुरत खातो. पोटऱ्या शांत आहेत. दारात कुणी कडू पाणी मागितलं की उबाल्दिना म्हणते, "आधी रक्त तपासून ये." गल्लीतला तिचा मान त्यामुळे थोडा कमी झालाय.

देल्फिनाच्या किडन्या कडू पाण्याआधीच कामातून चालल्या होत्या. आता त्यांना जास्तीचं पाणीही टाकता येत नाही, म्हणून तिला ते मोजून प्यावं लागतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी रोज सकाळी उबाल्दिना माझ्यात भरते. माझ्या गळ्यापर्यंतही ते येत नाही. बाहेर नदी भरून वाहते, आणि या उकाड्यात देल्फिना एकेक घोट तोंडात घोळवून मग गिळते.

बाबांनो, माझ्यात काय भरलंय ते विचारा, पण कुणाला पाजताय ते आधी विचारा.

बहिणीसमोर उबाल्दिना कधीच पाणी पीत नाही. तहान लागली की ती उठून परसात जाते आणि घाईघाईने पिऊन येते. देल्फिनाला ते कळतं. ती परत येईपर्यंत देल्फिना डोळे मिटून, झोपल्याचं सोंग घेऊन बसून राहते.