चोविसाव्या पानापासून

कणकेची खळ.

शेळीच्या गळ्यातली घंटा.

कपाळापर्यंत जाऊन परत आलेला एक हात.

भुईमुगाच्या ओल्या शेंगांचा वास. माझ्या अकराव्या पानाला तो अजून येतो.

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, आणि माझे आयुष्य असेच सुट्या तुकड्यांनी सुरू झाले. पुण्यात मला छापले, पण शिवले नाही. सुटी पाने आणि एक रंगीत कव्हर, असा गठ्ठा होऊन मी औरंगाबादला आलो. पोलिस ॲक्शनला वर्ष होत आले होते. कन्नडजवळच्या एका खेड्यात मराठी शाळा नुकतीच उघडली होती. तिथले व्यंकटराव गुरुजी मुलांसाठी पुस्तके गोळा करत होते. त्यांनी मला शहागंजात चाँदभाईंकडे बांधायला दिले.

चाँदभाईंचा हात हलका. सुई टोचली तरी मला कळली नाही. तीस वर्षे त्यांनी उर्दू किताबे बांधली होती, आणि उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. सवयीच्या त्या हातांनी माझे कव्हरही तिकडेच चिकटवले. कव्हर उघडले की समोर माझे शेवटचे पान! चोविसावे.

शाळेत गुरुजींनी मला उघडले आणि ते बघतच राहिले. सांडू नावाचा एक मुलगा ओरडला, "गुरुजी, ह्ये तर शेपटाकडून जन्मलं!"

वर्ग हसला. मी लाजलो.

"परत पाठवावं लागेल," गुरुजी म्हणाले.

"नका पाठवू, गुरुजी," मागून आवाज आला. आठ वर्षांची मनकर्णा उभी होती. "मला द्या. मी उलटंच वाचते."

माझ्यात चिमी नावाच्या शेळीची गोष्ट आहे. चिमी वाट चुकते, तिच्यामागे लांडगा लागतो, ती नदीत वाहत जाते आणि शेवटी घरी येते. गुरुजींनी मला मनकर्णाला देऊन टाकले. तिने घरी जाऊन कव्हर उघडले आणि चुलीपुढे बसलेल्या आईला, साळूबाईला, एकेक अक्षर लावत वाचून दाखवले: "आणि चिमी घरी आली. दारातच तिची घंटा वाजली."

भाकरी थापणारा हात थांबला.

त्या घरातही एकाची वाट पाहणे चालू होते. मनकर्णाचे वडील, कडूबा, रझाकारांच्या धामधुमीत घाट उतरून चाळीसगावकडे गेले होते. गावचे बाकीचे लोक परत आले. कडूबा आले नाहीत, त्यांची चिठ्ठीही आली नाही. चुलते, कारभारी त्यांचे नाव, दर आठवड्याला ओट्यावर बसून तेच म्हणायचे, "वहिनी, किती दिस वाट बघायची? कुंकू पुसा आता. लोक नावं ठेवत्यात." ते गेले की साळूबाईचा हात कपाळाकडे जायचा आणि परत यायचा. एके दिवशी तो हात कुंकू पुसूनच खाली येईल, याची मनकर्णाला फार भीती होती.

"मंग? घरी याच्या आदी कुटं व्हती ती?" साळूबाईने विचारले.

मनकर्णाने पान उलटले. तेविसावे. मग बाविसावे. "नदीत वाहत चालली व्हती."

"आन् तरी आली?"

"आली ना! पयल्याच पानावर आली."

मित्रांनो, लांडग्याचे पान आले की लहान मुले घाबरून माझ्यावर हात ठेवतात. साळूबाईने ठेवला नाही. शेवट आधीच ठाऊक होता, म्हणून मधले सगळे तिला ऐकता आले. रोज संध्याकाळी ती म्हणायची, "आदी घरी आली म्हन. मंग बाकीचं वाच."

पुढच्या आठवड्यात कारभारी आले, ओट्यावर बसले आणि त्यांनी तोच विषय काढला.

"भावजी," साळूबाई म्हणाली, "अजून मधली पानं चालू हायत."

कारभाऱ्यांना काही कळले नाही. ते चहा पिऊन गेले.

बारा वर्षांनी मनकर्णा लग्न होऊन शहरात आली, तेव्हा एका हातात मी आणि दुसऱ्या हातात ओल्या शेंगांचे गाठोडे घेऊन शहागंजात गेली. चाँदभाईंनी चष्मा पुसला, मला उघडले आणि जीभ चावली.

"तौबा! ये मेरेच हात का है? ला बेटा, अब्बी सीधा कर देता."

"नका, चाचा! ह्याच्यामुळं तर माझी आई तगली. शेंगा तुमच्यासाठी आणल्या."

तिने सगळी हकिकत सांगितली. चाँदभाईंनी शेंगा सोलत ती ऐकली. मग त्यांनी खळीचे बोट माझ्या फाटक्या अकराव्या पानावरून फिरवले, ते पान सांधले आणि कव्हर तसेच ठेवले. माझे एवढे कौतुक पुन्हा कधी झाले नाही.

नंतर ट्रंकेत गेलो. कसर लागली. कोणी माझ्यावर दुधाचा हिशोब लिहिला, कोणी चिमीला मिशा काढल्या. त्याचेही मला वाईट वाटत नाही. वाईट एवढेच वाटले, की कितीतरी वर्षे कोणी मला मोठ्याने वाचले नाही.

आता आम्ही चिकलठाण्याला नव्या घरात आहोत. परवा ट्रंक उघडली, तेव्हा सूनबाई आशाबाईंनी मला उचलले.

"आत्याबाई, कव्हर उलटं लागलंय हो. सरळ करून आणू का?"

"हात लावून बघ!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "सरळ पुस्तकं लई हायत घरात. उलटं हे एकच हाय. बस इथं, वाच मोठ्यानं."

आशाबाई बसल्या. चोविसाव्या पानापासून.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादे खिळखिळे पुस्तक असेल. त्याचे सुटलेले पान चिकटवा, पण ते वाचाही, कोणाला तरी ऐकू जाईल असे वाचा. आणि ज्याने ते तुमच्या हातात दिले, तो माणूस अजून भेटण्यासारखा असेल, तर शेंगा घेऊन जा.

कडूबा एकोणीसशे पन्नास साली, पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी, मोडून वाकडा बसलेला पाय ओढत घाट चढून घरी आले. त्यांना लिहिता येत नव्हते.