पोत्याचं वजन कोण कापणार?

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कटंगीच्या बाजारात महागूच्या धानाच्या दुकानात राहतो. नवा होतो तेव्हा महागूने मला हार घातला होता. आता पाटावर धूळ साचते. माझं काम एकच, ठेवाल त्याचं वजन सांगायचं. पण मला चौकशीची भारी खोड. धान, महुआ, बकरी, एकदा तर पैजेपायी महागूचा मेहुणा, काहीही पाटावर आलं की वाटतं, हे कुठून आलं आणि आता कुठे जाणार?

धान घेताना महागू बारदाना कापतो, म्हणजे पोत्याचं वजन वजा करतो. पोत्याला धानाचा भाव कोण देईल?

एका दुपारी पोलिसांनी महागूला आणि मला जीपमधून तुमसरच्या रस्त्यावर नेलं. तिथे आमच्याच गावच्या तेजरामची ऑटो उभी होती. सीटमागच्या पोत्यात गांजा सापडला होता.

"साहेब, माह्यं नाही. सवारी ठेवून पळाली," तेजराम पुन्हापुन्हा सांगत होता. सवारी म्हणजे ऑटोत बसलेला प्रवासी.

खरं की खोटं? मला जाणून घ्यायचं होतं, पण ते माझ्या आकड्यांत दिसत नाही. पोतं माझ्यावर ठेवलं. महागूने वाचलं, वीस किलो सहाशे. तेच लिहिलं गेलं आणि तेजराम तुरुंगात गेला.

त्याची बायको पुष्पलता पोटुशी होती. तांदूळ घ्यायला आली की म्हणायची, "माह्या बाळंतपणाआधी थे घरी याले पाहिजे." पण जामिनाचा पहिला अर्ज फेटाळला गेला. का, ते मला प्रेमलता वकीलबाईंमुळे कळलं. त्या तेजरामची बाजू लढवत होत्या आणि बालाघाटहून चौकशीला दुकानात आल्या होत्या. गांजा वीस किलोच्या वर असला की कायदा फार कडक होतो. आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर असं काही करणार नाही, हे कोर्टाला आधीच पटावं लागतं. नाहीतर जामीन नाही. खाली असला तर ही अट नाही.

"माल कशात होता?" बाईंनी विचारलं.

"डबल पोत्यात. अन् पोतं ओलं होतं," महागू म्हणाला.

"पोत्याचं वजन कापलं का?"

"काहून कापू, बाई? इकायचा माल थोडाच होता?"

बाईंना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या. त्यांनी दोन रिकामी पोती भिजवून माझ्यावर ठेवायला लावली. किलोच्या वर भरली. म्हणजे नुसता गांजा वीस किलोच्या आतच होता. महागूचा चेहरा उतरला. "हे तं ध्यानातच नाही आलं," तो म्हणाला.

हाच मुद्दा घेऊन बाई वरच्या कोर्टात गेल्या. मला कोणी नेलं नाही, याची मला जरा चुटपुट लागली. सरकारी वकिलांनी विरोध केला, तारखा पडत गेल्या. मधल्या काळात पुष्पलता दुकानात येईनाशी झाली. तिला मुलगी झाली होती आणि तेजराम अजून आतच होता.

अखेर जामीन मिळाला. पण मित्रांनो, जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला चालू आहे. ती सवारी खरंच होती का, हे मला अजूनही ठाऊक नाही. मला एवढंच कळतं, की एखाद्याच्या नावावर वजन टाकण्याआधी काटा पुसावा, शून्य पाहावं आणि जे त्याचं नाही ते बाजूला काढावं.

परवा तेजराम दुकानात आला. वाळला होता. कडेवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी होती.

"हिले तोल, भाऊ," तो म्हणाला. महागूने तिला दुपट्यासकट घ्यायला हात पुढे केले. तेजराम मागे सरकला.

"थांब," तो म्हणाला. "पहिले दुपटं तोल."

महागूने खांद्यावरच्या गमछ्याने माझा पाट स्वच्छ पुसला आणि नुसतं दुपटं माझ्यावर ठेवलं.