व्हिनेगरने धुतलेल्या बशा

स्फाक्स शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काचेची भांडी धुतेय. संशोधन करणारी रफीका केशाऊ मला खाल्ती म्हणायची, मावशी.

तिचं काम जवाच्या कोंबांवर होतं. कोंबांचे सेंटिमीटरभर तुकडे एका बशीत नुसत्या पाण्यात ठेवायचे, दुसरीत वाढीचं संप्रेरक घातलेल्या पाण्यात. संप्रेरक मिळालं की पेशीतले पंप प्रोटॉन बाहेर फेकतात. त्यानं पेशीची भिंत आंबट होते, सैल पडते आणि पेशी पाणी पिऊन लांबते.

पण तिचे नुसत्या पाण्यातले तुकडेही तेवढेच लांबत होते. तीन महिने हेच. बियाणं दोनदा बदललं.

“खाल्ती, मी सोडते हे. भावाच्या मिठाईच्या दुकानात बसते.”

“बस. आठवड्यात अर्धा माल तूच खाशील.”

ती हसली नाही. एके दिवशी तिनं बशीतल्या नुसत्या पाण्यात आंबटपणा तपासायचा कागद बुडवला, तर तो लालसर झाला. तिच्या मार्गदर्शक सरांनी पाणी शुद्ध करणाऱ्या जुन्या यंत्रावर खापर फोडलं. मला मात्र माझं धुणं आठवलं. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी, बशांवर क्षार चढलेले. मी व्हिनेगर चोळायचे आणि एकदाच विसळायचे.

गप्प बसता आलं असतं. जेवणानंतर तिला सांगून टाकलं.

“व्हिनेगर? कोशिंबीर करत होतीस का? माझे तीन महिने, खाल्ती!”

दोन दिवस ती स्वतःच बशा धूत बसली. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून म्हणाली, “पंपाचं काम तुझ्या व्हिनेगरनं केलं. भिंतीला आंबट हवं, ते कुठून आलं याच्याशी तिला देणंघेणं नाही.”

“म्हणजे शोध लागला?”

“कसला शोध! पन्नास वर्षांपासून पुस्तकांत आहे. बस आता, माझ्याबरोबर मोज.”

आम्ही चारशे तुकडे मोजले. स्वच्छ बशीत संप्रेरकवालेच लांबले. आंबटपणा चढू न देणाऱ्या द्रावणात ठेवले, तर संप्रेरक असूनही ते जेमतेम वाढले. तो आकडा मी स्वतः वहीत लिहिला.

सगळे प्रयोग पुन्हा करण्यात प्रबंध वर्षभर उशिरा झाला. पदवीच्या दिवशी तिची आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं हळूच विचारलं, “पोरीनं नक्की शोधलं काय?”

“जव लांब कसा होतो ते.”

“एवढ्याला पाच वर्षं?”

“सहा,” मी म्हटलं. “एक माझ्यामुळे.”