आकाराम गुळव्याच्या फोनचा बिघाड

आकारामतात्यांचा फोन मी दुरुस्त केला. आता तो एकदाही बंद पडत नाही, रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात, आणि आवाज असा येतो की बोलणारा माणूस शेजारी बसून पान चघळतोय असं वाटावं. इतकं चोख काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

हे झालेलं नाही. फोन अजून बिघडलेलाच आहे असं धरून पुढं जाऊ. मीही बरेच दिवस तसंच धरून चाललोय आणि माझं काही अडलेलं नाही.

दोन हजार सात सालचा दसरा होऊन चार दिवस झाले होते. माझं दुकान बसस्थानकासमोर एका कॉम्प्लेक्सच्या जिन्याखाली होतं. पाटीवर 'ज्ञानू मोबाईल दुरुस्ती' असं लिहिलेलं. ज्ञानू हे आजोबांचं नाव, ते मला वापरायला दिलेलं. जिन्याखाली रेंज अजिबात यायची नाही. फोन नीट झाला का हे बघायला मला निम्मा रस्ता ओलांडून दुभाजकावर उभं राहावं लागायचं. गिऱ्हाइकालाही सोबत न्यायचो. त्याची खात्री पटायची, आणि मी बसखाली गेलोच तर साक्षीदार राहायचा.

तर कोडोलीहून नवरा-बायको आले. तात्या गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळात रस उकळताना गूळ नेमका कधी झाला हे सांगणारा माणूस. चिमणाबाईकाकींनी पदरातून एक गाठोडं काढलं, त्यात टॉवेल, टॉवेलात रुमाल, रुमालात फोन. चांगला मोठ्या रंगीत पडद्याचा फोन. कंपनीचं नाव घासून गेलेलं.

"पावणं, ह्यो मरतोय आन् परत जित्ता हुतोय," तात्या म्हणाले.

"दिवसातनं किती वेळा?"

"पाच-सात डाव. आन् त्या काड्या येतात-जातात."

"पाण्यात पडला होता?"

"न्हाय."

"आपटला?"

"न्हाय की."

"मग झालंय काय?"

तात्यांनी काकींकडं बघितलं. काकी म्हणाल्या, "पूजा झालीया."

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्यानं पुजायचं. शिंपी मशीन पुजतो, एस.टी.चा ड्रायव्हर स्टेअरिंग पुजतो. तात्यांनी झारा, फावडं आणि कढईची कड पुजली. काकी म्हणाल्या, घरात हेबी एक हत्यारच हाय. वर्षभर ह्यानं एक काम केलं न्हाय, निदान हळदीकुंकवानं तरी जागं हुईल. मग फोन ओल्या फडक्यानं पुसला. वरनं लावलं तर आतल्याला कसं पोचणार म्हणून मागचं झाकण काढलं आणि बॅटरीला पाची बोटं उठवली. पुढं नवीन गुळाचा खडा नैवेद्य म्हणून ठेवायचा, तर तो त्यांनी आत ठेवला आणि झाकण लावलं.

मी झाकण उघडलं. आत अकरा मुंग्या होत्या, सगळ्या मेलेल्या. देवाच्या दारात मरण आलं, आणि तेही गोड.

भिंगातून बघितल्यावर सगळं स्पष्ट दिसलं. गूळ पाझरून अँटेनाच्या पट्टीवर चिकटला होता, म्हणून रेंज जात होती. बॅटरीच्या टोकांवर हळदीकुंकवाचा थर वाळून बसला होता, म्हणून फोन मरत होता. मी समजावून सांगायला लागलो. इथं तोंड बंद ठेवून थिनरची बाटली उघडली असती तर काहीच झालं नसतं.

"बघा काकी, फोन नुसता पडून असतो तवा त्याला करंट थोडाच लागतो. पण बाहेरनं कुणी फोन केला, की वाजायचं, थरथरायचं, उजेड पाडायचा, समदं एकदम. कुंकवातनं तेवढा करंट जात न्हाय. मग त्यो दम टाकतोय, बंद पडतोय, आन् परत चालू हुतोय."

मग काकींनी विचारलं, "म्हंजे त्यो मेला, की कुणीतरी फोन केलेला असतोय?"

"तसं म्हणा."

"ह्यो नंबर पृथ्वीराजबिगर कुणालाच ठावं न्हाय," काकी म्हणाल्या.

पृथ्वीराज त्यांचा एकुलता एक. चौदा महिन्यांमागं तो म्हणाला होता की मला गुऱ्हाळ करायचं नाही, मी बाहेर जातो. तात्यांनी त्याला उकळत्या कढईपाशी, आठ गड्यांसमोर सांगितलं होतं, गेलास तर मेलास म्हणून समजंन. पोरगा गेला. जाताना हा फोन आईच्या हातात ठेवला. म्हणाला, ह्याच्यावर करीन, नंबर दुसऱ्या कुणाला दिऊ नको, लाईन बिझी लागंल. काकींनी नंबर सख्ख्या भावालाही दिला नाही. चौदा महिन्यांत लाईन एकदाही बिझी लागली नव्हती. दुसरं काही लागलंही नव्हतं.

"रोज पाच-सात डाव," काकी म्हणाल्या. "आन् आमी इथं शिव्या देतोय त्याला, सारखा मरतोय म्हणून."

तात्या उठले आणि कॉम्प्लेक्सच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. भिंतीवर 'येथे लघवी करू नये' असं लिहिलं होतं. ते त्यांनी पाच मिनिटं वाचलं.

मग दोघं चहाला गेले. येताना काकींनी मला जिलेबी आणली.

ते चहाला गेले असताना मी सिम काढून बाजूला ठेवलं आणि फोन नुसता चालू करून टेबलावर ठेवला. जिन्याखाली रेंज नव्हती, फोनमध्ये सिम नव्हतं. या फोनवर आता साक्षात ब्रह्मदेवाचाही फोन येऊ शकत नव्हता. अर्ध्या तासात तो तीनदा मेला आणि तीनदा उठला.

मी सिम परत घातलं. जिलेबी गरम होती. सांगू, म्हटलं, पण तोंडात जिलेबी होती.

"आता लगीच नीट कर बाबा," काकी म्हणाल्या. पावण्याचा मी बाबा झालो होतो.

"लगीच नगं," तात्या म्हणाले.

"का वो?"

"नीट झाला, आन् त्यानं फोन केला, तर उचलावा लागंल की."

"मग उचला की."

"उचलून काय म्हणू?"

रस उकळताना झाऱ्यावरचा थेंब बघून गूळ झाला का सांगणारा हा माणूस, त्याला एक वाक्य कधी तयार होतं ते कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं आठ दिवस मागितले. मीही पटकन सांगितलं की एक पार्ट मुंबईहून मागवावा लागतोय, तोवर फोन घरी न्या. पार्ट म्हणजे जुना टूथब्रश होता आणि तो माझ्या खिशात होता.

ते आठ दिवस बरे गेले, असं काकींनी नंतर सांगितलं. फोन देव्हाऱ्यापुढं ठेवायचा. मेला, की काकी म्हणायच्या, "आलं बग माजं लेकरू." तो परत चालू होईस्तोवर मिनिटभर लागायचं. तेवढ्यात त्या बोलून घ्यायच्या: म्हस व्याली, रेडकू झालं. तुजी चप्पल अजून दारातच हाय. जेवलास का. चालू झाल्यावर फोन कंपनीचं सहा सुरांचं संगीत वाजवायचा, तेवढं त्याचं उत्तर. तात्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळा लिहून ठेवल्या. सकाळी सातच्या सुमाराला एकदा, दुपारी एकला दोनदा. त्यावरून त्यांनी काढलं की पोराला कुठल्या तरी कारखान्यात पहिली पाळी आहे आणि जेवायची सुट्टी एक वाजता होते. बुधवारी फोन एकदाही मेला नाही. दोघं दिवसभर जेवले नाहीत, पोरगा आजारी पडला म्हणून. गुरुवारी नऊ वेळा मेला. काकींनी दत्ताला नारळ फोडायला नृसिंहवाडीला माणूस पाठवला.

मधे तात्या एकटेच दोनदा दुकानात येऊन गेले. वाक्य म्हणून दाखवायला.

"बाळा, झालं ते झालं. कसं वाटतंय?"

"लग्नात भांडण मिटवल्यागत वाटतंय," मी म्हणालो.

"बाळा, तू मेलेला न्हाईस."

"ह्यानं तो घाबरंल, तात्या."

"मग तूच सांग की. शिकलेला हाईस."

मी तीन महिन्यांचा मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केला होता. त्यात हा धडा नव्हता. कितीदा तोंडावर आलं होतं, की तात्या, वाक्याची गरज नाही, पलीकडं कुणी नाही. पण त्यांनी खिशातून कागद काढलेला असायचा, आणि त्यावर खाडाखोड असायची. खाडाखोड केलेल्या माणसाला असलं काही सांगता येत नाही.

नवव्या दिवशी काकी तात्यांना घेऊन आल्या. मुंबईचा पार्ट आला का, असं त्यांनी विचारलंच नाही.

"आज कर. माज्यासमोर कर. मला त्याचा आवाज ऐकायचाय, ह्यांचं वाक्य हू दे न्हायतर ऱ्हाऊ दे."

मी टूथब्रश काढला. थिनर, कापूस, अर्धा तास. कुंकू निघालं, गूळ निघाला, राहिलेली एक मुंगी निघाली. अँटेनाची पट्टी लख्ख झाली. मग तिघं दुभाजकावर जाऊन उभे राहिलो. एका बाजूनं पेठ वडगावची बस, दुसऱ्या बाजूनं उसाचा ट्रॅक्टर. पडद्यावर काड्या भरभर चढल्या, एक, दोन, तीन, चार. मी माझ्या फोनवरून लावून बघितला. वाजला, थरथरला, उजेड पडला, मेला नाही.

"आता सोड, लाईन बिझी लागंल," काकी म्हणाल्या. मी ठेवला.

एक वाजायला दहा मिनिटं होती. जेवायची सुट्टी. दुभाजकावरून कुणी हललं नाही. ट्रॅफिक हवालदारानं एकदा विचारलं, काय चाललंय. काकी म्हणाल्या, पोराचा फोन यायचाय. तो पलीकडं जाऊन उभा राहिला.

एक वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

काकींनी तो तात्यांच्या हातात कोंबला. तात्यांनी कागद काढला नाही. त्यांनी डोळे मिटले, आणि वर्दळीच्या वरताण अशा गुऱ्हाळातल्या आवाजात बोलले.

"बाळा, त्या दिशी मी बोललो, ते कढईच्या धगीनं बोललो. तुला गूळ नगं तर नगं. गुऱ्हाळ मी दुसऱ्याला देतो. तू नुसता ये. तुजी चप्पल दारात हाय."

वाक्य चांगलं झालं होतं. मला सुधारणा सुचली नाही. मी त्यांच्याजवळच उभा होतो, त्यामुळं पलीकडचा आवाजही मला ऐकू येत होता. एक बाई हिंदीत सांगत होती की आपल्या आवडीचं भक्तिगीत कॉलर ट्यून म्हणून लावायला एक दाबा. तात्यांचं बोलून झालं तेव्हा ती म्हणाली, धन्यवाद. आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाला?" काकींनी विचारलं.

तात्या म्हणाले, "बाई हुती."

काकींचा चेहरा हळूहळू उजळला. "लगीन केलं व्हय त्यानं? कशी बोलती? आमच्यातली हाय का?"

"हिंदी बोलती."

"असू दे. शिकंल. काय म्हणाली ती?"

"एक दाबा म्हणाली."

"मग दाबायचं की वो," काकी म्हणाल्या.

आता माझ्या तोंडात जिलेबी नव्हती. "काकी, ती सिमच्या कंपनीची हाय. आदी भरून ठेवलेला आवाज असतोय. सगळ्यांना फोन करतीया."

"तिला आमचा नंबर कुणी दिला?"

"नंबर कंपनीचाच की."

काकींनी तात्यांच्या हातातला फोन घेऊन उलटासुलटा बघितला. मधे दोन बस गेल्या. "म्हंजे आजवर रोज पाच-सात डाव हीच करत हुती?"

मला हो म्हणता आलं असतं. रोज पाच-सात वेळा कुणीतरी आपली आठवण काढत होतं, भले कंपनीची बाई का असेना. पण नऊ दिवस गप्प बसून मला कंटाळा आला होता, आणि खरं बोलायला लोक निवडतात तसली चुकीची वेळ मीही निवडली.

"तीबी न्हवती," मी म्हणालो. "कुणीच न्हवतं. सिम काढल्यावरबी तो मरत हुता. पयल्याच दिशी मी बघितलंय."

काकींनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फोन रुमालात, रुमाल टॉवेलात, टॉवेल गाठोड्यात बांधला. दोघं रस्ता ओलांडून कोडोलीच्या गाडीकडं गेले. तात्यांचा हात काकींनी धरला होता की उलट, ते मला गर्दीत कळलं नाही.

महिन्यानं तात्या एकटे आले. फोन टेबलावर ठेवला.

"फोन कसा चालतोय?" मी विचारलं.

"लई ब्येस चालतोय. मरतच न्हाय." ते स्टुलावर बसले. "ती त्याच्यासमोर बसून असती. आदी त्यो मेला की बोलायची. आता कवा बोलायचं तेच कळंना तिला. म्हणती, ज्ञानूला सांगा, पयल्यासारखा करून दे."

"खरं काय ते ठाऊक असूनबी?"

"ठाऊक असून."

मी प्रयत्न केला. बॅटरीची टोकं सैल केली, तर फोन कायमचा बंद. घट्ट केली, तर उत्तम चालू. अधलंमधलं काही जमेना. तात्यांनी घरनं हळदकुंकू आणि गूळ आणला. मी माझ्या हातानं पाची बोटं उठवली, खडा ठेवला, झाकण लावलं, तीन दिवस वाट बघितली. मुंग्या आल्या. फोन चालतच राहिला. दुरुस्ती इतकी पक्की झाली होती.

शेवटी तात्या म्हणाले, कंपनीला लिही. बनवणाऱ्याला बिघडवताबी येत असंल. कंपनीचं नाव आत बॅटरीवर शाबूत होतं. मग मी लिहिलं, ते सांगत गेले. खाली त्यांनी सही केली आणि शेजारी काकींचा अंगठा घ्यायला कागद कोडोलीला नेला.

'प्रति, मा. व्यवस्थापकसो, ग्राहक सेवा विभाग. विषय: हँडसेटमधील मूळ बिघाड पूर्ववत करून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर हँडसेट दिवसातून पाच ते सात वेळा आपोआप बंद पडून पुन्हा चालू होत होता. स्थानिक कारागिराच्या चुकीने तो दुरुस्त झालेला आहे. त्यामुळे अर्जदार व त्यांच्या पत्नी यांची अतोनात गैरसोय होत आहे. तरी सदर बिघाड तातडीने पूर्ववत करून देण्यात यावा, व शक्य असल्यास त्याची वेळ दुपारी एकची ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.'